नोंदवहीतला सारस ठरावात कसा आणायचा

सारस मोजून झाले, यादी झाली, फोटोसह बातमीही छापून आली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच तलावात पोकलेन उतरलं आणि सारस जिथे चरायचे ती उथळ कड सरसकट दीड-दोन मीटर खोल झाली. असं घडतं तेव्हा कुणी पक्ष्यांच्या वाईटावर असतं असं नाही. गाळ काढण्याच्या कामाचं अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याच्या टेबलावर पक्ष्यांचा कागद पोचलेलाच नसतो.

हा लेख भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि त्यांच्याखालच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. पश्चिम विदर्भातल्या माळरानांना आणि मेळघाटालाही यातलं बरंच लागू पडतं. सांगायचं आहे ते एवढंच: अभ्यासाचं धोरण होतं ते कुठल्या तरी एका कागदावरच्या एका वाक्यात. ते वाक्य कोणत्या कागदावर, कोणाच्या सहीने आणि कोणत्या महिन्यात लिहिलं जाणार आहे, हे आधी शोधा. दुर्बीण त्यानंतर.

आधी सही शोधा

तलावाचा गट क्रमांक घ्या आणि सातबारा काढा. मालक कोण, वहिवाट कोणाची, हे त्यातून कळतं. निस्तार हक्क, म्हणजे गावाचे सामाईक वापराचे हक्क, निस्तार पत्रकात बघा. मग तलावाची सिंचनक्षमता विचारा. १०० हेक्टरपर्यंतचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात, त्यावरचे राज्य शासनाच्या विभागाकडे. मासेमारीचा ठेका कोणत्या सहकारी संस्थेकडे आहे आणि तो कधी संपतो, तेही लिहून ठेवा. तलाव वनहद्दीत असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालय, आणि गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर ग्रामसभा. एकाच पाण्यावर चार-चार धनी असतात. तुमच्या मागणीचा संबंध त्यांतल्या नेमक्या कोणाशी आहे, ते ओळखायचं.

इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. तलाव म्हटला की लोक ‘पाणथळ म्हणून घोषित करा’ असा अर्ज करतात. पण पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम २०१७ यांच्या व्याख्येतूनच नदीपात्रं, धानाची शेतं आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळले आहेत. मामा तलाव सिंचनासाठीच बांधलेला. म्हणजे अर्जाचं उत्तर नियमातच लिहिलेलं आहे आणि ते ‘नाही’ असं आहे. लोणारसारखं निसर्गनिर्मित सरोवर या नियमांत बसतं, २०२० पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. गावतलावासाठी वाट दुसरी धरावी लागते.

वाटा तशा बऱ्याच आहेत. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळ घोषित होऊ शकतं. गडचिरोलीतलं आलापल्लीचं वनवैभव २०१४ मध्ये याच वाटेने गेलं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६ क खाली समाजाच्या किंवा खासगी जमिनीवर, मालकांच्या इच्छेने, समुदाय राखीव क्षेत्र होतं. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ मध्ये तर ग्रामसभेला वन्यजीव, जैवविविधता आणि पाण्याचे स्रोत जपण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला आहे. सामूहिक वनहक्क असलेल्या गडचिरोलीतल्या गावांना हा सर्वांत जवळचा रस्ता, कारण तिथे निर्णय गावातच होतो.

तरीही आमचा सल्ला असा की पहिल्या वर्षी ‘घोषणे’च्या मागे लागू नका. गाळ काढण्याच्या अंदाजपत्रकातली एक अट, मासेमारीच्या ठेक्यातली एक ओळ, वीजवाहिनीच्या कामातली एक बाब, हे मिळवायला सोपं आणि पक्ष्याला लगेच उपयोगी. १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगर भागात माळढोक अभयारण्य ८,४९६ चौरस किलोमीटरवर जाहीर झालं. त्यात गावं आली, शेतं आली, बाजारपेठाही आल्या. जमिनीचे व्यवहार अडले, लोक पक्ष्यावरच रुसले आणि शेवटी क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणावं लागलं. नकाशावर रेघ मोठी मारली की पक्षी वाचतोच असं नाही.

पुराव्याला चार पाय हवेत

भारतात पक्षी-अभ्यासातून झालेला सर्वांत मोठा धोरणबदल गिधाडांचा. नव्वदच्या दशकात गिधाडं कोसळली. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००४ मध्ये कारण सापडलं: जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जातं आणि मूत्रपिंड निकामी होतं. शंभरातल्या एकाहूनही कमी मृत जनावरांत घातक मात्रा असली तरी एवढी घट होऊ शकते, असं गणिताने दाखवलं गेलं. २००६ मध्ये भारतात पशुवापराच्या डायक्लोफिनॅकवर बंदीचा आदेश निघाला. दोनच वर्षांत.

इतक्या लवकर हे का झालं, ते आपल्या कामासाठी समजून घ्यायला हवं. कारण एकच होतं आणि त्याला नाव होतं. किती मात्रेने किती नुकसान, हे आकड्यात होतं. पर्याय तयार होता: मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचं तपासून झालं होतं, त्यामुळे शेतकऱ्याच्या बैलाला औषधाविना ठेवा असं कुणाला म्हणावं लागलं नाही. आणि निर्णय घेऊ शकणारं कार्यालय एकच होतं, औषध नियंत्रकांचं. कारण, मात्रा, पर्याय, सही. तुमच्या अहवालात यांतला कोणता पाय लंगडा आहे, ते छापण्याआधी बघा. गावपातळीवरच्या अहवालांत बहुतेकदा पर्यायच नसतो. ‘गाळ काढू नका’ असं म्हटलं की विषय संपतो. ‘इथे काढा, इथे ठेवा’ म्हटलं की बोलणं सुरू होतं.

मोजणी: दाव्याला पुरेल एवढी आणि तेवढीच

पक्षी इथे आहे, एवढंच सांगायचं असेल तर एक हंगाम पुरतो. तो या जागेचा वापर कसा करतो हे सांगायचं असेल तर पूर्ण वर्ष हवं. ‘संख्या घटते आहे’ म्हणायचं असेल तर सारख्याच पद्धतीच्या किमान पाच वर्षांच्या नोंदी असल्याशिवाय तोंड उघडू नये, कारण एक कोरडं वर्ष मध्ये आलं तरी आकडा खाली जातो आणि पुढच्या वर्षी तो वर आला की तुमचा सगळाच अभ्यास खोटा ठरवला जातो.

सारसांची गणना जूनच्या सुरुवातीला, पाऊस पडण्याआधी करतात. तेव्हा पाणी मोजक्या ठिकाणी उरतं आणि पक्षी तिथे जमतात. सगळ्या रातथाऱ्यांवर, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाच्या जागांवर, एकाच दिवशी, उजाडण्याआधी माणसं पोचलेली हवीत. वैनगंगा आणि बाघ नदीच्या पलीकडे मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा आहे आणि सारसाला सीमा ठाऊक नाही, म्हणून दोन्ही काठांवर एकाच पहाटे मोजणी नसेल तर तोच पक्षी दोनदा मोजला जातो. प्रौढ आणि पिल्लं वेगळी लिहा. उडालेल्या पक्ष्यांची वेळ आणि दिशा लिहा, संध्याकाळी सगळ्या वह्या एकत्र ठेवून दुबार नोंदी खोडता येतात. आणि जिथे काहीच दिसलं नाही तिथे ‘शून्य’ लिहा. कोरी जागा आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: कोऱ्या जागेचा अर्थ कुणी गेलंच नाही.

हिवाळी पाणपक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते मार्च, महिन्यातून दोनदा, सकाळी साडेसहा ते साडेआठ. काठावर चार जागा कायमच्या ठरवा, दगडाला रंग लावून ठेवा. एकाने मोजावं, दुसऱ्याने लिहावं. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजून ‘दहाचा ठोकळा’ नजरेत बसवा आणि मग ठोकळे मोजा. सोबत लांब बांबूवर दर ५ सेंटिमीटरला खूण करून पाण्याची खोली घ्या. ही खोलीची नोंद बहुतेक जण घेत नाहीत, आणि अभियंत्याशी बोलताना कामी येते ती तीच. चिखल्या-तुतवार जातीचे पक्षी पावलापुरत्या पाण्यात, पृष्ठभागावर चरणारी बदकं साधारण गुडघ्याच्या आतल्या पाण्यात, कमळपक्षी तरंगत्या पानांवर. तुमच्याच तलावावर कोणत्या खोलीत किती पक्षी होते याचा साधा तक्ता झाला की ‘उथळ भाग’ ही कवीकल्पना राहत नाही, नकाशावर रेघ मारता येते. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना यादी पूर्ण टाका, वेळ आणि अंतरासह. २०२३ च्या देशव्यापी पक्षीस्थिती अहवालाने ९४२ जातींचा आढावा घेतला तो अशाच सामान्य लोकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवरून.

घरट्यांचा हिशेब जास्त जपून करावा लागतो. सारस पावसाळ्यात, बहुधा रोवणीच्या (धानाच्या लावणीच्या) आगेमागे, बांधीत किंवा तलावाच्या उथळ गवतात घरटं रचतो. अंडी बहुधा दोन, उबवण सुमारे ३१ ते ३४ दिवस. समजा तुम्हाला २० घरटी सापडली, त्यांतली ५ नष्ट झाली. ‘७५ टक्के यशस्वी’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण ती घरटी सापडली कधी? अंडी घातल्यावर दोन-अडीच आठवड्यांनी. त्याआधी जी मोडली ती तुम्हाला दिसलीच नाहीत. म्हणून प्रत्येक घरटं किती दिवस तुमच्या नजरेखाली होतं ते जोडा. समजा एकूण ३१० घरटी-दिवस झाले आणि ५ नुकसानी झाल्या. रोजचं टिकण्याचं प्रमाण १ वजा ५ भागिले ३१०, म्हणजे ०.९८४. ते ३२ दिवस रोज टिकायला हवं, म्हणजे ०.९८४ चा ३२ वेळा गुणाकार, उत्तर ०.५९ च्या आसपास. खरं यश ५९ टक्के. ७५ आणि ५९ यांत एवढं अंतर आहे की एका आकड्यावर अधिकारी ‘ठीक चाललंय’ म्हणेल आणि दुसऱ्यावर फाईल उघडेल.

घरट्याची पाहणी आठवड्यातून एकदा, किमान १०० मीटरवरून, दहा मिनिटांच्या आत. ड्रोन नको. घरटं किंवा अंडी हाताळणं, विस्कटणं कायद्याने शिकारीच्या व्याख्येत येतं. त्यासाठी आणि पक्षी पकडून पायात कडी घालण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, त्यांचं कार्यालय नागपूरलाच आहे. विनापरवाना गोळा केलेली माहिती कितीही चांगली असली तरी सरकारी कागदावर चढत नाही. घरट्यांचे नेमके अक्षांश-रेखांश फक्त उपवनसंरक्षकांना द्या. समाजमाध्यमांवर गावाचं नावसुद्धा नको, रविवारी कॅमेऱ्यांची रांग लागते.

जुन्या काळची स्थिती हवी असेल तर मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या वयस्क माणसांना विचारा. पण ‘पूर्वी सारस खूप होते ना?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. पंधरा-वीस चित्रं दाखवा आणि त्यांत मोनालसारखा हिमालयातला पक्षी मुद्दाम घाला. जो माणूस मोनालही गावात पाहिल्याचं सांगतो त्याची मुलाखत आदराने ऐका, पण तक्त्यात धरू नका.

शेतकऱ्याचा हिशेब आधी मांडा

बांधीत घरटं म्हणजे धान तुडवलं जाणार. किती? मोजपट्टीने मोजा. समजा घरटं आणि आजूबाजूची तुडवण मिळून २० चौरस मीटर निघाली. हेक्टरी ४० क्विंटल उतारा धरला तर चौरस मीटरला ४०० ग्रॅम, म्हणजे ८ किलो धान. २०२५-२६ च्या साधारण धानाच्या हमीभावाने, क्विंटलला २,३६९ रुपये, हे होतात १९० रुपये. हा आकडा सभेत ठेवला की दोन्ही बाजूंचा आवाज खाली येतो. ‘पीक बुडालं’ ही भीती जाते आणि भरपाईला पैसा कुठून आणायचा हा कार्यालयाचा प्रश्नही सुटतो.

मात्र शेतकऱ्याचा खरा त्रास धानाचा नसतोच. घरटं बघायला येणारी माणसं धुरा (शेताचा बांध) तुडवतात, बांधी फोडतात, फवारणी करू नका म्हणून सांगतात. आणि एक गोष्ट अभ्यासकांच्याही ध्यानात राहत नाही: पिल्लू बाहेर पडलं म्हणजे काम झालं नाही. १० ऑगस्टला अंडं घातलं तर पिल्लू सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि त्याला उडायला आणखी सुमारे तीन महिने, म्हणजे डिसेंबर. मधल्या काळात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, धान कापणी येते. हार्वेस्टर येतो, मोकाट कुत्री येतात आणि पिल्लाला लपायला उभं पीक उरत नाही. म्हणून मानधन द्यायचं असेल तर ते ‘घरटं राखलं’ म्हणून एकरकमी देऊ नका. थोडं पिल्लू निघाल्यावर, मोठा भाग ते उडाल्यावर. आणि अट अशी की घरट्याभोवतीचा भाग हार्वेस्टरने न कापता हाताने, कडेकडेने कापायचा.

एका पानाचा कागद

चाळीस पानी अहवाल जरूर करा, तो कपाटात राहील आणि कुणी शंका काढली तर उपयोगी पडेल. फिरतो तो एका पानाचा कागद. सरकारी कार्यालयात फाईलवर पहिली टिप्पणी लिपिक लिहितो. त्याला तुमच्या कागदातली वाक्यं जशीच्या तशी उचलता आली तर काम पुढे सरकतं. म्हणून विषय एका ओळीत. संदर्भात नियम, कलम, शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख. मग तीन-चार ओळींत निष्कर्ष, आकड्यांसह. मग मागणी, आणि मागणी अशी की तिच्यापुढे फक्त ‘मान्य’ लिहायचं उरावं. खाली गट क्रमांक टाकलेला नकाशा. पक्ष्याचा फोटो एकच, छोटा.

उदाहरणादाखल, गाळ काढण्याच्या कामासाठी: ‘तलावाच्या पूर्वेकडील उथळ भागातील २ हेक्टर क्षेत्र, सोबतच्या नकाशात हिरव्या रेघेने दाखवलेले, उत्खननातून वगळावे. या क्षेत्राकडे येणारा उतार दर १० मीटरला ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवू नये. यंत्र उतरण्याच्या आदल्या दिवशी तलावपात्रातील घरट्यांजवळ खुणा कराव्यात.’ एवढंच. टिटवी, शेकाट्या यांची घरटी नेमकी उन्हाळ्यात, कोरड्या पात्रातच असतात, आणि गाळही तेव्हाच निघतो. काम पावसाळ्यात ढकला म्हणणं व्यर्थ आहे. खूण केलेल्या घरट्याभोवती ३० मीटरचा फेर सोडून बाकीकडे यंत्र चालू द्या. सुमारे चार आठवड्यांत अंडी फुटतात आणि पिल्लं लगेच चालू लागतात.

‘२ हेक्टर सोडले तर पाणी कमी साठेल’, हा आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. उत्तर तयार ठेवा. तलाव २० हेक्टरचा, खोदाई सरासरी १ मीटर धरली तर वगळलेल्या २ हेक्टरमुळे २०,००० घनमीटर साठा कमी होतो. उरलेल्या १८ हेक्टरमध्ये ११ सेंटिमीटर जास्त खोल गेलं की तेवढा भरून निघतो. अर्थात तिथे गाळाचा थर तेवढा जाड असायला हवा, म्हणून आधी पाच-सहा ठिकाणी चाचणी खड्डे घेऊन थर मोजा. गाळाखालची मूळ जमीन फोडली तर पाणी झिरपून जाईल. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पायथ्याशीही खोदू नये. हे गणित अभियंत्याने मांडण्याआधी तुम्ही मांडलंत की तो तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

बेशरम ही तलावाकाठी माजणारी झुडपी वनस्पती मात्र मुळासकट काढायची, वरून छाटली तर पावसात दुप्पट फुटते. काढलेली ओली खोडं पाण्यात राहू देऊ नयेत, तुकडासुद्धा रुजतो.

ग्रामसभा

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सभांवर नजर ठेवा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जी संख्या कमी असेल ती. वनहक्क कायद्याखालच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. गणपूर्तीशिवाय झालेला ठराव पुढे कुणीही एका अर्जाने उडवू शकतो, त्यामुळे हजेरीच्या सह्या मोजूनच ठराव वाचायला घ्या.

विषय आधी विषयपत्रिकेवर यायला हवा. ‘आयत्या वेळचे विषय’ यात टाकलेला ठराव कमजोर राहतो. सभेच्या आधी मत्स्य संस्थेच्या लोकांशी, गाळपेर (पाणी ओसरलेल्या तलावपात्रातली शेती) करणाऱ्यांशी आणि तलावाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांशी वेगवेगळं बसा. उथळ, वनस्पती असलेल्या कडेला मासे अंडी घालतात आणि पिल्लं वाढतात, हे ढीवरांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. ते त्यांनीच सभेत सांगितलं तर ठराव पक्ष्यांचा न राहता गावाचा होतो. ठरावात गट क्रमांक, क्षेत्र, मुदत आणि अंमलबजावणी कोणी करायची हे लिहा. सूचक-अनुमोदकांची नावं, मतं. सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात घ्या.

गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवहीही काढून बघा. नोंदवहीत तुमचा पक्षी, त्याचा महिना आणि जागा नसेल तर समितीची बैठक घेऊन ती नोंद करून घ्या. पुढे कुठल्याही कार्यालयात ‘या गावाच्या अधिकृत नोंदवहीत’ अशी सुरुवात करता येते.

जिल्ह्याचं वेळापत्रक

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या सभेपासून आकार घेतो. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या वर्षाच्या आराखड्याची जुळवाजुळव साधारण नोव्हेंबर ते जानेवारी चालते. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, पण बाब आराखड्यात येते ती संबंधित विभागाच्या प्रस्तावातून. म्हणून जूनची गणना आणि सप्टेंबरपर्यंतच्या घरट्यांचा कच्चा निष्कर्ष दिवाळीआधी उपवनसंरक्षकांकडे पोचला पाहिजे. मार्चमध्ये दिलेला उत्तम अहवाल वर्षभर थांबतो.

प्रत्येक कागद दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार: १० रुपये शुल्क, राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तो १५० शब्दांत. ‘काय कारवाई केली’ असं मोघम विचारू नका. अंदाजपत्रकाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि फाईलवरची टिप्पणी मागा.

वीजवाहिन्यांचं प्रकरण वेगळं हाताळावं लागतं. सारस अंगाने जड, त्याला हवेत पटकन वळता येत नाही, आणि तारा रातथारा व चराईच्या मध्ये असतील तर धुक्यात धडक बसते. सगळ्या वाहिन्या भूमिगत करा म्हटलं की खर्चाचा आकडा पाहून विषय बंद होतो. पहाटे उडण्याच्या वाटा पंधरा दिवस नकाशावर उतरवा. धोक्याचे खांब बहुधा मोजकेच निघतात. त्या खांबांचे क्रमांक देऊन तेवढ्या टप्प्यात पक्षी-इशारा चकत्या आणि खांबाच्या माथ्यावर आवरण मागा. मेलेला पक्षी सापडला तर हात लावू नका, वनरक्षकाला बोलवा, पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्या. पंचनाम्याशिवायचा फोटो पुरावा ठरत नाही.

न्यायालय ही शेवटची पायरी, पण ती आहे हे विसरू नये. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूर जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली सारस संवर्धन समित्या आल्या. तुमचा निष्कर्ष या जिल्ह्यांतला असेल तर नवा दरवाजा शोधत बसू नका, समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो घ्यायला लेखी विनंती करा.

माळ आणि डोंगर

अकोला-वाशिमकडच्या गवताळ माळांवर तणमोर पावसाळ्यात येतो आणि उंच गवतात अंडी घालतो. तिथला निर्णायक कागद म्हणजे गवत कापणीचा लिलाव आणि चराईची तारीख. कापणी कोणत्या आठवड्यात सुरू व्हावी, एवढ्या एका तारखेसाठी नोंदी गोळा करा. या पक्ष्याचं सर्वांत बारीक ज्ञान फासेपारधी समाजाकडे आहे. त्यांना वाटाड्या म्हणून वापरून घेऊ नका, निरीक्षक म्हणून नेमा, रोजंदारी द्या आणि अहवालावर त्यांच्या संमतीने त्यांची नावं घाला.

रानपिंगळा हे छोटं, दुर्मीळ घुबड. तो १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये नंदुरबारकडे पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटात त्याची चांगली वस्ती असल्याचं स्पष्ट झालं. तो झाडांच्या ढोलीत राहतो. त्याचा कागद म्हणजे वनविभागाची कार्य आयोजना आणि व्याघ्र संवर्धन आराखडा, दोन्ही दहा-दहा वर्षांचे. नूतनीकरण कोणत्या वर्षी आहे ते आत्ताच विचारून ठेवा. ढोली असलेली जुनी, वाळलेली झाडं तोडीतून वगळण्याची ओळ तिथे एकदा आली की दहा वर्षं टिकते.

आदेश निघाल्यानंतर

पुन्हा गिधाडांकडे. २००६ च्या बंदीनंतरही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांतून डायक्लोफिनॅक जनावरांना टोचलं जात राहिलं. माणसांसाठीचं इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकमात्रा कुपीतच विकावं, हा निर्णय यायला २०१५ उजाडलं. ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या गिधाडांना तशाच घातक औषधांवर पशुवापरासाठी बंदी आली ती २०२३ मध्ये. आदेशातली फट शोधण्यासाठी अभ्यासकांनी दुकानांत ग्राहक म्हणून जाऊन औषधं मागितली, मृत जनावरांच्या यकृताचे नमुने तपासले. २०२४ मध्ये पेंच आणि ताडोब्यात गिधाडं आणली गेली. ती जिथे चरायला जातील त्या गावांतल्या औषध दुकानांत काय विकलं जातं, याची नोंद दर तीन महिन्यांनी ठेवणं हे कुठल्याही गावगटाला जमणारं काम आहे.

गाळाच्या कामाचंही तसंच. यंत्र चालू असताना रोज संध्याकाळी रंगवलेल्या त्याच दगडावरून फोटो काढा. वगळलेल्या क्षेत्राच्या कडेला, काम सुरू होण्याआधी, पांढऱ्या चुन्याची रेघ आणि बांबू रोवून घ्या, कारण चालकाला नकाशा कुणी देत नाही. काम संपल्यावर त्याच बांबूने त्याच जागांवर खोली मोजा आणि मोजमाप पुस्तिकेतल्या आकड्यांशेजारी ठेवा. पुढच्या दोन हिवाळ्यांत पक्ष्यांची मोजणी चालू ठेवा. वगळलेल्या भागात पक्षी आलेच नाहीत, तर तेही लिहून द्या. पुढच्या तलावावर रेघ कुठे मारायची ते त्यावरून ठरेल.

एप्रिल-मे बदल्यांचे महिने. ज्या अधिकाऱ्याला सगळं समजावून सांगितलं तो जाईल. जूनच्या पहिल्या आठवड्यात, गणनेच्या आधी, नव्या अधिकाऱ्याकडे एक पातळ फाईल घेऊन जा: आदेशाची प्रत, ठरावाची प्रत, एका पानाचा कागद, चार फोटो. आणि सारस गणनेच्या पहाटे त्यांना कोणत्या तलावाच्या पाळीवर किती वाजता उभं राहायचं आहे, ते लेखी निमंत्रणात लिहून द्या.